केमिस्ट्री घेऊन ऊर्जेच्या क्षेत्रात जाता येतं का?

सप्रेम नमस्कार,

मुलगी बारावी सायन्सला आहे, केमिस्ट्री मनापासून आवडते आणि बॅटरीवर काम करायचं म्हणते, असं तुम्ही भांडुपहून कळवलंत. तुमच्या मते ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रिकल नाहीतर मेकॅनिकल. केमिस्ट्रीवाल्यांनी औषध कंपनीत जावं किंवा क्लास घ्यावेत. काळजी समजते, पण हा समज आधी काढून टाका.

मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीत जड तेलाचे मोठे रेणू उत्प्रेरकावर (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थावर) फोडून पेट्रोल काढतात आणि हायड्रोजन वापरून इंधनातलं गंधक काढून टाकतात. हे सगळं रसायनशास्त्रच. बॅटरीत तर त्याहून जास्त. लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून दुसऱ्यात ये-जा करतात, हे तत्त्व सोपं आहे. खरी डोकेफोड पदार्थ निवडताना होते. कॅथोडला, म्हणजे बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडला, निकेल-मँगनीज-कोबाल्ट घेतलं तर तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मावते. लोह-फॉस्फेट घेतलं तर ऊर्जा कमी, पण तापल्यावर पेट घेण्याचा धोका कमी आणि महागडं कोबाल्टही लागत नाही. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामाला 2019 मध्ये नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचंच.

प्रत्यक्ष काम कसं असतं तेही तिला कळू द्या. घड्याळाच्या सेलएवढा नमुना आरगॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून जोडायचा, कारण हवेतली ओल लागली की इलेक्ट्रोलाइट (ज्यातून आयन ये-जा करतात तो द्राव) बिघडतो. मग आठवडेच्या आठवडे तो चार्ज-डिस्चार्ज करत आलेख बघत बसायचं. हे ऐकून तिचा उत्साह टिकला, तर मुलगी या कामाचीच आहे.

'हे असं का होतं?' हा प्रश्न तिला छळत असेल तर बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी आणि पुढे पीएचडी. नुसत्या बीएस्सीवर संशोधनाचं काम मिळणं कठीण, हे आत्ताच सांगतो. 'हे टनावारी कसं बनवायचं?' यात रस असेल तर केमिकल इंजिनिअरिंग. त्यासाठी माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) तुमच्या घरापासून लोकलच्या अंतरावर आहे. 1933 मध्ये सुरू झालेली ही संस्था हेच शिकवते. मी तरी तिथल्या प्रवेशासाठी जीव तोडून अभ्यास करायला सांगेन.

तिने गणित ठेवलंय का, हे मात्र पत्रात नाही. गणित असेल तर सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट भरा. नसेल तर बीएस्सीचाच रस्ता धरा, पण गणिताचा अभ्यास घरी चालू ठेवायला सांगा. विद्युतरसायनात, म्हणजे बॅटरीमागच्या शास्त्रात, पावलोपावली ते लागतं.