सद्दामची फाशी: प्रश्न लायकीचा नाही, घाईचा आहे

'ज्याने एवढी माणसं मारली त्याला फासावर चढवण्यात अनैतिक ते काय?' असं तुम्ही विचारलंय. देहदंड मुळात मान्य असेल, तर सद्दाम त्याला अपवाद ठरत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. माझा आक्षेप ती फाशी कुठल्या खटल्यात, कधी आणि कशी दिली यावर आहे.

खटला इराकमधल्या दुजैल गावाचा. ८ जुलै १९८२ ला त्या गावात सद्दामच्या ताफ्यावर गोळीबार झाला आणि सूड म्हणून १४८ शिया पुरुष-मुलांना मृत्युदंड ठोठावला गेला. त्यांतले बरेच जण आधीच कोठडीतल्या छळात मेले होते, तरी कागदावर त्यांनाही शिक्षा सुनावली गेली. त्या हुकमावर सद्दामची सही होती. कागदोपत्री सिद्ध होणारं असं प्रकरण आधी चालवणं शहाणपणाचंच. चुकलं ते पुढे.

५ नोव्हेंबर २००६ ला शिक्षा, २६ डिसेंबरला अपील फेटाळलं, ३० तारखेला पहाटे फाशी. कायद्याने ३० दिवस दिले होते, सरकारने चारच घेतले. त्या वेळी अन्फालचा, म्हणजे १९८८ मधल्या कुर्दांच्या संहाराचा खटला चालू होता आणि सद्दाम त्यातला मुख्य आरोपी होता. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. जानेवारीत त्याच्यावरचे आरोप काढून टाकले गेले. हलब्जा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडला, त्याबद्दल तर तो कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभाच राहिला नाही. १४८ जणांचा न्याय करताना हजारो कुर्दांचा हक्क बुडवला गेला. हुकूम कोणी दिला, कोणामार्फत गेला, हे त्याच्या तोंडावर विचारायची संधी कायमची गेली. मला यातलं सर्वांत मोठं पाप हेच वाटतं.

बाकीही कमी नव्हतं. बचाव पक्षाचे तीन वकील मारले गेले. सरकारी टीकेला कंटाळून मुख्य न्यायाधीश रिझगार अमीन यांनी राजीनामा दिला. इराकच्या स्वतःच्या कायद्यात सणाच्या दिवशी फाशी देता येत नाही, तरी सुन्नींच्या बकरी ईदची पहाट निवडली. गळ्यात दोर असताना जमलेल्यांतून 'मुक्तदा, मुक्तदा' असे शिया नेते मुक्तदा अल-सद्र यांच्या नावाचे नारे उठले आणि ते मोबाइलवर चित्रित होऊन जगभर गेले. शिक्षा राज्याने द्यायची असते. तिथे एका गटाने सूड उगवल्याचं दिसलं, आणि सद्दामला नसलेला मोठेपणा मिळाला.

घाईचा फायदा कोणाला होतो हे पाहायचं तर रोमानिया पाहा. २५ डिसेंबर १९८९ ला तिथला हुकूमशहा चाउशेस्कू आणि त्याची पत्नी यांचा खटला जेमतेम तासभर चालला. ६० हजार मृत्यूंचा आरोप ठेवला होता. त्या उठावातले बळी प्रत्यक्षात अकराशेच्या आसपास. लगेच गोळ्या घातल्या. हा खटला उभा करणारे जनरल स्टॅन्क्युलेस्कू पुढे तिमिशोआरातल्या गोळीबारासाठी स्वतः दोषी ठरले. हुकूमशहा गप्प झाला की त्याचे साथीदार सुटकेचा श्वास घेतात.

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगळा आहे: जिवंत ठेवला तर उद्या सुटेल. दक्षिण कोरियात तेच झालं. माजी लष्करशहा चुन डू-ह्वानला १९९६ मध्ये मृत्युदंड झाला, अपिलात त्याची जन्मठेप झाली आणि १९९७ च्या डिसेंबरात माफीही मिळाली. ग्वांगजू शहरात लष्कराने केलेल्या नागरिकांच्या हत्याकांडाबद्दल २०२१ मध्ये मरेपर्यंत त्याने माफी मागितली नाही. तिथल्या कुटुंबांना 'फाशी नको' हे सांगणं सोपं नाही. पण यातला दोष माफीच्या अधिकाराचा आहे. अशा गुन्ह्यांना राष्ट्रप्रमुखाची माफी लागू नाही, असं कायद्यात आधीच लिहावं, आणि देशातला तुरुंग भरवशाचा नसेल तर कैदी देशाबाहेर ठेवावा. लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने ५० वर्षांची शिक्षा दिली आणि ती भोगायला त्याला ब्रिटनच्या तुरुंगात धाडलं.