चौकशीला नेलं सकाळी, अटक दाखवली रात्री: २४ तास कधीपासून मोजायचे?

तुमचा प्रश्न असा: भावाला सकाळी ‘चौकशीला’ नेलं, कागदावर अटक रात्रीची आहे, मग २४ तास कुठून धरायचे? सकाळपासून.

संविधानाच्या कलम २२(२) नुसार अटकेनंतर २४ तासांत जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वजा होतो. रविवार नाही, सण नाही, तपास अर्धवट आहे ही सबबही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये एका कस्टमच्या प्रकरणात स्पष्ट केलं की माणसाला मनाप्रमाणे उठून जाता येईनासं झालं, त्या क्षणी अटक होते. अधिकाऱ्याने लिहिलेली वेळ निर्णायक नाही.

पण ती सकाळ सिद्ध करावी लागते, आणि बहुतेक घरं इथेच कमी पडतात. कोण आलं, किती वाजता, गाडीचा नंबर काय, हे आजच लिहून काढा. त्या वेळचे कॉल आणि मेसेज पुसू नका. ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवावं असा लेखी अर्ज वकिलामार्फत लगेच द्या. अटकेच्या मेमोवर घरातल्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित साक्षीदाराची सही लागते. सही करणाऱ्याने आधी वेळ वाचावी. पहिल्याच रिमांडला, म्हणजे पोलीस कोठडी मागायला न्यायालयात आणतात तेव्हा, वकिलाने खरी वेळ सांगून ती न्यायालयाच्या कागदावर आणावी. तेव्हा गप्प राहिलात तर पुढे ‘हे नंतर सुचलेलं आहे’ असं उत्तर मिळतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा.

अटकेची कारणंही लेखी मागा. नुसते कलमांचे आकडे म्हणजे कारणं नव्हेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम सगळ्याच गुन्ह्यांना लावला: कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि तोंडी सांगितली असली तरी रिमांडच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे.

माणूस कुठे आहे हेच कळत नसेल तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे ‘माणसाला न्यायालयापुढे हजर करा’ अशी याचिका, तीही ताबडतोब. रिमांडचा आदेश निघाल्यावर ही वाट बरीचशी बंद होते.

मात्र ही एमपीडीएखालची स्थानबद्धता नाही ना, ते आधी तपासा; त्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली खटल्याशिवायच, पुढे गुन्हा होऊ नये म्हणून माणसाला डांबून ठेवतात. तिथे २४ तासांचा नियम संविधानानेच काढून घेतला आहे, आणि माझ्या मते नागरिकाच्या संरक्षणातलं हे सर्वांत मोठं भगदाड आहे. तिथे आदेशाची कारणं मिळताच सरकारकडे लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. निवेदनावर विनाकारण उशीर झाला, एवढ्यावरही असे आदेश रद्द झालेले आहेत.