डोलो, कॉम्बिफ्लॅम, पॅन-डी: आईच्या डब्यातल्या गोळ्या नेमकं काय करतात

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बोरिवलीला आईकडे औषधांचा डबा आहे. त्यात डोलो, क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम, सेट्रिझिन, पॅन-डी, डायजीन आणि सर्दीची कुठलीतरी गोळी. आई सत्तरीच्या, बीपीची गोळी चालू. ताप आला की डोलो आणि अंग दुखलं की कॉम्बिफ्लॅम, असं एकाच दिवशी दिलं तर चालतं का? आणि पॅन-डी रोज जेवल्यावर घेऊनही जळजळ का थांबत नाही?

माझी सगळी नोकरी परळला मेडिकलच्या काउंटरमागे गेली. तिथे गिऱ्हाइकांना जे सांगायचो तेच तुम्हाला सांगतो. स्ट्रिपवरचं मोठं नाव बाजूला ठेवा आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं सॉल्ट, म्हणजे आतल्या औषधाचं नाव, वाचा. डोलो ६५० म्हणजे ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. क्रोसिनही पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सर्दीच्या तयार गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, साधारण ५०० चं. आता बेरीज करा. तीन तक्रारींवर तीन निरनिराळी औषधं दिली असं तुम्हाला वाटतं, पण पोटात एका दमात १४७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल गेलेलं असतं. धडधाकट मोठ्या माणसाला एका वेळी १००० आणि दिवसभरात ४००० ही वरची हद्द. वय झालेल्या, अंगाने बारीक किंवा लिव्हरचा त्रास असलेल्या माणसाला डॉक्टर त्याहून कमीच देतात.

पॅरासिटामॉल मेंदूवर काम करतं. तापात मेंदू शरीराच्या तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो, ती हे औषध खाली आणतं, म्हणून घाम फुटून ताप उतरतो. दुखणंही कमी होतं, पण सुजेवर त्याचा फारसा उपयोग नाही. पोटाला ते त्रास देत नाही, आणि म्हणूनच लोक बिनधास्त खातात. लिव्हरमध्ये त्याचा थोडा भाग विषारी पदार्थात बदलतो. नेहमीच्या डोसात लिव्हर आपल्याकडे साठवलेल्या एका पदार्थाने तो निकामी करून टाकतं. डोस फार झाला की लिव्हरचा तो साठा संपतो आणि पेशी मरायला लागतात. वाईट भाग असा की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवतही नाही. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्या तर लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

आयबुप्रोफेनचं काम निराळं. दुखापत झाली की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं, त्यांच्यामुळे सूज येते आणि ठणका लागतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन ही मंडळी त्या रसायनांचं उत्पादनच रोखतात. हे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. गंमत अशी की हीच रसायनं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. ती बंद केली की गुडघ्याचा ठणका थांबतो, पण पोट आणि किडनी किंमत मोजतात. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं किडनी बंद पडूनच मेली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं, माणसांना मात्र सर्रास दिलं जातं.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला खरी काळजी इथे वाटते. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बीपीच्या औषधांचा परिणाम कमी करतात. बीपीची गोळी टेल्मिसार्टनची असेल, आणि त्यात लघवी वाढवणारं औषधही असेल (स्ट्रिपवर नावापुढे ‘एच’ असतो तशी), तर त्या दोघांच्या जोडीला आयबुप्रोफेन म्हणजे किडनीवर तीन बाजूंनी ताण. वर जुलाब-उलटीने अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर विचारूच नका. त्यामुळे कॉम्बिफ्लॅम डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. साध्या अंगदुखीला एकटं पॅरासिटामॉल पुरतं, दोन गोळ्यांत सहा तास ठेवून.

आणि पावसाळ्यात तर नाहीच. जुलै ते ऑक्टोबर मुंबईत अंग मोडून ताप आला की डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन काही नको. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो आणि ही औषधं तो वाढवतात. हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची अ‍ॅस्पिरिन लावलेली असेल तर मनाने बंद करू नका, त्यांना फोन करा. साचलेल्या पाण्यातून चालून ताप आला तर लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा संसर्ग) शंका धरायची. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने ते चांगलंच भोगलंय. पालिकेच्या दवाखान्यात लगेच दाखवा, चार दिवस डोलोवर काढू नका.

आता पॅन-डी. यात पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोन असतं. जठराच्या पेशींत अ‍ॅसिड बाहेर टाकणारे पंप असतात आणि जेवण आलं की ते जोरात सुरू होतात. पॅन्टोप्राझोल चालू पंपालाच पकडतं. रक्तात ते फार वेळ टिकत नाही, पण पकडलेला पंप कायमचा बाद होतो. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास रिकाम्या पोटी हवी, म्हणजे पंप सुरू व्हायला आणि औषध तिथे पोचायला एकच गाठ पडते. जेवल्यावर घेतली तर तेवढी लागू पडत नाही. सकाळच्या चहा-बिस्किटाआधी हे सांगायला विसरू नका, कारण आपल्या बायका चहा हा खाण्यात धरतच नाहीत. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. पॅन-डी ही खरं तर कॅप्सूल; ती चावायची किंवा फोडायची नाही, आतल्या पॅन्टोप्राझोलवरचं कवच त्याला अ‍ॅसिडपासून वाचवायला असतं. डायजीनचं तसं नाही, ते तयार झालेलं अ‍ॅसिड जागच्या जागी मारतं, लगेच बरं वाटतं आणि तासाभरात पहिले पाढे पंचावन्न.

पण वर्षानुवर्षं पॅन-डी चालू असेल तर ती का चालू आहे हे डॉक्टरांना विचारा. लांबलेल्या पॅन्टोप्राझोलने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि साठीनंतर डोम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांच्या दृष्टीने जपून द्यायचं औषध आहे. शिवाय सत्तरीत छातीत जळजळ म्हणजे दर वेळी अ‍ॅसिडिटीच असते असं नाही. चालताना किंवा जिना चढताना होत असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर आधी ईसीजी.

सेट्रिझिन शिंका आणि खाज थांबवतं, सर्दी बरी करत नाही. झोप येते म्हणून रात्री. सर्दीच्या तयार गोळीत क्लोरफेनिरामाइन असेल तर त्याने वयस्कर माणसाला गुंगी येते, लघवी अडते, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. नाक मोकळं करायला त्यात टाकलेलं फेनिलेफ्रिन बीपीवाल्यांना नको, आणि तोंडावाटे घेतलेल्या त्या औषधाचा नाकाला उपयोग नाही असं अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये सांगितलंय. ती गोळी डब्यातून काढूनच टाका.

एक काम या रविवारी करा. डबा पालथा करा आणि सुट्या, कापलेल्या तुकड्यांकडे बघा. ‘दोनच द्या’ म्हटलं की आम्ही कात्री चालवतो आणि नाव, तारीख, सॉल्ट सगळं उरलेल्या स्ट्रिपवर आमच्याकडे राहतं. ज्या तुकड्यावर वाचता येत नाही तो फेका. मग बीपीच्या गोळीचं पूर्ण नाव आणि सर्दीच्या गोळीमागचा मजकूर इथे लिहा, फोटो टाकलात तरी चालेल. शुगरची गोळी चालू असेल तर तीही सांगा.