तांदळाच्या डब्यातली गोळी

"गोळी सुरू केली तर मुलगा गुंगीत राहील का? सवय लागेल का? जन्मभर घ्यावी लागेल का?" एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चुळबुळ आवरत नाही अशा अवस्थेचं, निदान झालेल्या मुलांचे आईवडील हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणून मालवणजवळच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा. डॉक्टरांनी त्यासाठी मेथिलफेनिडेट नावाची गोळी लिहून दिलेली. आई गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची आणि सासूची पाठ वळली की सकाळी मुलाला गोळी द्यायची. एक दिवस ती पट्टी वडिलांच्या हाती लागली.

"मॅडम, माझो झील येडो नाय," खुर्चीवर बसायच्या आधीच ते म्हणाले. "तीन तास गरी घेवन बसता, हलत नाय."

आपल्याकडे 'रत्नागिरीला नेलं' म्हणजे कुठे, हे कोणाला सांगावं लागत नाही. तिथल्या मनोरुग्णालयाची धास्ती इतकी जुनी, की डोक्याच्या डॉक्टरांनी दिलेली कुठलीही गोळी 'वेडाची' ठरते.

मासे पकडायच्या गरीचं त्यांचं निरीक्षण मात्र अचूक होतं. या मुलांचं लक्ष आवडीच्या गोष्टीला घट्ट चिकटतं. पाढ्यांसारख्या कंटाळवाण्या कामाकडे ते मनात आणूनही वळत नाही. त्याला नाटक म्हणणं हा त्या पोरावर अन्याय आहे.

पहिल्या दोन भेटी औषधाची माहिती देण्यात गेल्या. ही झोपेची गोळी नाही. लक्ष आवरायला मेंदूत जी रसायनं लागतात, ती हिच्यामुळे जास्त उपलब्ध होतात. साध्या गोळीचा असर चारेक तासांत ओसरतो. मूल मलूल, गप्प दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. बहुधा मात्रा बदलावी लागते. ठरवून दिलेल्या मात्रेत तोंडाने घेतलेल्या गोळीने मुलं व्यसनी होतात, असं आढळलेलं नाही. औषधावर कायद्याचं नियंत्रण आहे, चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही, आणि त्यानेच लोक जास्त घाबरतात. भूक मात्र खरंच मंदावते, कधी झोप उशिरा लागते, म्हणून उंची, वजन, नाडी, रक्तदाब तपासत राहायचं. किती वर्षं घ्यायची हे डॉक्टर वेळोवेळी बघून ठरवतात. फक्त परीक्षेपुरती देणं किंवा मनानेच बंद करणं, दोन्ही नको.

वडील सगळं ऐकून घेत आणि जाताना म्हणत, "तरी पण नको."

तिसऱ्या भेटीत मी माहिती बाजूला ठेवली. मुलाबरोबर त्याचं अख्खं घर समोर बसवूनच काम करायचं, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत. तिच्यावर भरवसा ठेवून विचारलं, "तुम्ही शाळेत कसे होतात?"

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग हळूहळू म्हणाले, "सातवीत सोडलंय. मास्तर बाकार उबो करीत. बापूस दोरयेन मारी. सगळे टगो म्हणत." थोडं थांबून, बायकोकडे न बघता, "ह्येका आजार आसा, तर मगे माका काय होता?"

त्यांचं 'नको' गोळीला नव्हतंच. मुलाचं निदान मान्य केलं, तर स्वतःचं सगळं बालपण नव्याने मोजावं लागणार होतं. मी म्हटलं, "निदान डॉक्टरच करतील. पण हे पुष्कळदा घराण्यातून येतं. तुम्ही टगे नव्हतात, एवढं मी आजच सांगते."

ते रडले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले, आणि ते माहिती देऊन आले नाहीत. घरचे गोळीला विरोध करत असतील तर हुज्जत घालू नका. त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा.

पुढचं भराभर झालं. आधी पोटभर पेज, मग गोळी. दुपारी जेवण कमी गेलं तरी रात्री असर उतरल्यावर भात-कालवण ताट भरून. शाळेत पहिला बाक. अभ्यास दहा-दहा मिनिटांचा, मध्ये अंगणात एक फेरी. ही घडी बसवावीच लागते, गोळी ती बसवून देत नाही. दाराच्या चौकटीवर वडील दर महिन्याला पेन्सिलीने उंचीची रेघ मारतात.

पट्टी आता कालनिर्णयाशेजारच्या फळीवर असते. परवा आईचा फोन आला, तेव्हा मागून आजीचा आवाज ऐकू आला, "गोळी घेतलंस मां रे?"