व्याख्यान ऐकून पेटते, दोन दिवसांत विझते

"पाहुण्यांचं व्याख्यान ऐकलं की रात्रभर झोप येत नाही, आणि दोन दिवसांनी सगळं फोल वाटतं. उद्योजक व्हायची धमकच माझ्यात नाही का?" कॉलेजमध्ये उद्योजकता कक्ष सुरू झाले, यशस्वी माणसं भाषणाला येऊ लागली, तसा हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशी बदलून, लिहिते आहे.

ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. घर तासगावकडे, द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. बेदाणे छोट्या पाकिटांतून थेट गिऱ्हाइकाला विकायचे, असं तिच्या डोक्यात होतं. वडिलांचं म्हणणं एकच: आधी पदवी. तिने व्याख्यानांची वही माझ्यापुढे ठेवली. 'जोखीम घ्या', 'नोकरी मागू नका, नोकरी द्या'. त्याखाली स्वतःच्या अक्षरात 'मी भित्री आहे' असंही लिहिलेलं.

मी वही मिटली आणि विचारलं, "न बघता सांग, यातलं कुणाचं बोलणं आठवतंय?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चटणी-मसाले करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. दुकानदार माल ठेवून घेतात आणि पैसे द्यायला महिनोन्‌महिने लावतात, ते त्यांनी सांगितलं. ते कळलं मला, मॅडम. सौद्यात माल गेला की पप्पापण असेच पैशाची वाट बघतात."

धमक नसलेली मुलगी उधारीचं बोलणं लक्षात ठेवत नाही. तिला व्यवसाय कळत होता. कमी पडत होता तो तपशील. तासाभराच्या भाषणात सुरुवात येते आणि यश येतं, मधली वर्षं दोन वाक्यांत उरकतात. ऐकणारं पोर मग आपल्या आजच्या दिवसाची तुलना वक्त्याच्या विसाव्या वर्षाशी करतं आणि स्वतःला नापास करून टाकतं. याचं मला फार वाईट वाटतं.

तिच्याच जिल्ह्यातलं उदाहरण मी तिला दिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली, हे भाषणांत हमखास येतं. पण नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली बेळगावला भावाकडे विक्रीला पाठवत होते. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर, १९१० मध्ये.

पुढच्या वक्त्याला विचारायचे प्रश्न आम्ही मिळून लिहिले. पहिलं गिऱ्हाईक ओळखीचं होतं की अनोळखी? सुरुवातीचे पैसे कुणाचे? तेव्हा घर कशावर चालत होतं? कुठला माल अंगावर पडला? प्रश्न घेऊन बसलं की ऐकण्याची तऱ्हाच बदलते.

नंतर वडील आले. "पोरगी शिक्षण सोडंल हो," ही त्यांची भीती. तिला विचारलं, तर सोडायचा विचार तिने केलाच नव्हता. दोघं न बोलताच भांडत होते. कर्जाचीही धास्ती होती. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान असलं तरी उरलेलं बँकेचं कर्ज फेडावंच लागतं, त्यामुळे आधी थोडा माल विकून बघावा, तोवर त्या वाटेला जाऊ नये, यावर आम्हा तिघांचं एकमत झालं. बुडाला तरी घराला झळ लागणार नाही एवढाच माल वडिलांनी द्यायचा आणि अभ्यासाच्या वेळेला हात लावायचा नाही, असं ठरलं.

तिने हिशेब मांडला. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा. वर पाकीट, कुरिअर, शीतगृहाचं भाडं. पहिल्यांदा ठरवलेला भाव तोट्यातला निघाला, तो तिने बदलला. मैत्रिणींनी कौतुकाने एकेकदा घेतलं आणि थांबल्या. परत मागणी आली ती कॉलेजमधल्या शिक्षिकांकडून, मुलांच्या डब्यासाठी. काही पाकिटं उन्हाळ्यात घरीच राहिल्याने काळपट पडली, तो खर्चही तिने वहीत धरला.

आता ती परीक्षेची तयारी करते आहे. निकालानंतर शेडचा सगळा हिशेब वडील तिच्याकडे देणार आहेत. ही अट तिनेच घातली होती आणि त्यांनी ती मान्य केली.