सुरतेची ओळख दफनभूमीपासून

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

सुरतेत नोकरीला चाललास, तर पहिल्या रविवारी डुमसच्या किनाऱ्याआधी कतारगाम दरवाजाकडच्या इंग्रजांच्या आणि डचांच्या जुन्या दफनभूमी बघ. सकाळी नऊच्या आत जा, नाहीतर चारनंतर. ऊन तिरपं असलं की झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते. भर दुपारी तीच शिळा कोरी दिसते. घुमटाखाली अंधार असेल तर टॉर्च समोरून मारू नकोस, शिळेलगत आडवा धर. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायचा मोह होईल, पण त्या घासण्यानं दगडाचा पापुद्रा सुटतो आणि उरलंसुरलं अक्षरही जातं.

इंग्रजांकडे जॉर्ज ऑक्झेंडेनची कबर शोध. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा प्रमुख तो हाच. तो १६६९ मध्ये वारला. त्याआधी गेलेला भाऊ ख्रिस्तोफर त्याच स्मारकात आहे. डचांकडे व्हान रीडेची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा माणूस १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजावरच वारला. घुमट, कमानी, सज्जे हा सगळा थाट मुघली मकबऱ्यांचा. शहरावर छाप पाडायची इंग्रज आणि डच या दोन्ही ईस्ट इंडिया कंपन्यांची चढाओढ माणसं मेल्यावरही थांबली नाही.

तारखा टिपताना मात्र सांभाळ. इंग्रज तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळत, हॉलंडचे डच नवी ग्रेगोरियन. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. त्यात इंग्रजांचं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलायचं, म्हणून महाराजांची ती स्वारी त्यांच्या कागदांत जानेवारी १६६३ अशीही सापडते. १ जानेवारी ते २४ मार्चमधला इंग्रज मृत्यू दिसला की वर्षापुढे प्रश्नचिन्ह टाक.

वहीत नाव, वय, मृत्यूचा महिना आणि हुद्दा एवढंच लिही. लेख नसलेल्या कबरीही मोज. लोक मोठ्या घुमटांचे फोटो काढून निघतात आणि कडेच्या लहान कबरी बघायच्या राहतात. वय आणि महिना शेजारीशेजारी लिहिलेस की कोण किती कोवळ्या वयात गेलं, कोणत्या ऋतूत गेलं, ते दिसू लागतं.

मग इथे कोण नाही ते विचार. वखारी ज्यांच्या जिवावर चालल्या ते दलाल, सराफ, विणकर या कुंपणात नाहीत. त्यांच्या धंद्यांचा माग बाजारात लागतो. भागळ, चौकबाजार पायी फिर. सकाळी लोचोच्या, म्हणजे डाळ वाटून वाफवलेल्या मऊ सुरती नाश्त्याच्या, एकाच गाडीवर, एकाच वेळी जात राहा. नवख्याशी कोणी बोलत नाही, ओळखीच्या गिऱ्हाइकाशी बोलतात. लोचो वाफाळता असतानाच खा, निवला की घट्ट होतो. थंडीत पोंक मिळेल, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. तो कुठून येतो ते विक्रेत्याला विचार, शहराभोवतीची शेती कळेल.

लिंबायत आणि उधना शेवटी ठेव. तिथे यंत्रमागावर राबणारी कितीतरी माणसं धुळे-जळगावकडची आहेत. पाळी सुटताना चहाच्या टपरीवर थांबलास तर अहिराणी कानावर पडेल. चालू पाळीत कामगाराला बोलण्यात गुंतवू नकोस. धागा तुटला तर नुकसान त्याचं होतं.

तुझा,
एक हितचिंतक