वापरलेली केमन आणि ५,४०० डॉलरची वॉरंटी: शनिवारच्या सहीआधी

तुमचा प्रश्न मला असा कळला. डॅलसच्या एका डीलरकडे २०१४ ची पोर्श केमन एस बघितली आहे. ३.४ लिटरचं इंजिन, पीडीके (पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, ५८,००० मैल, किंमत ४६,५०० डॉलर. डीलर पोर्शचा अधिकृत नाही. कंपनीची मूळ वॉरंटी केव्हाच संपली आहे. डीलरकडच्या फायनान्सवाल्याने तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांची ‘बंपर टू बंपर’ वॉरंटी ५,४०० डॉलरला देऊ केली आहे आणि ‘कर्जातच धरून टाकू, महिन्याला ९५ डॉलर तर वाढतील’ असं म्हणाला आहे. डाउन पेमेंट भरल्यावर तुमच्या हातात आठेक हजार उरतात, ऑक्टोबरात घरात बाळ येणार आहे, आणि सही या शनिवारी करायची आहे.

शनिवारी सही करू नका. वॉरंटीवर नको आणि गाडीवरही नको. हे इतकं ठासून सांगतोय, कारण २०१३ साली मी न्यू जर्सीत अगदी अशाच टेबलासमोर बसून दोन्हीवर सही केली होती.

माझी २००७ ची केमन एस होती. चार वर्षांची वॉरंटी ३,९०० डॉलरला घेतली. दुसऱ्या वर्षी एसीचा कंप्रेसर गेला, कंपनीने १,४०० डॉलर विनातक्रार भरले, आणि मी भेटेल त्याला ‘वॉरंटी घ्याच’ म्हणून सांगू लागलो. तिसऱ्या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की शिलाई मशीनसारखी टिकटिक ऐकू यायची. गरम झाली की आवाज कमी व्हायचा, म्हणून मी आठवडाभर दुर्लक्ष केलं. मग ऑइल कमी होऊ लागलं. ६०० मैलांत जवळपास एक लिटर. पोर्शचंच काम करणाऱ्या एका गॅरेजवाल्याने स्पार्क प्लग काढून आत बारीक कॅमेरा घातला आणि मला स्क्रीन दाखवला. सहाव्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे चरे होते, नवं कोरं पातेलं तारेच्या घासणीने खसाखसा घासावं तसे.

क्लेम टाकला. वॉरंटी कंपनीचं उत्तर आलं: आधी इंजिन पूर्ण उघडा, आमचा माणूस येऊन बघेल. कारण कराराबाहेरचं निघालं तर उघडायची मजुरी तुमची, असं लिहून द्या. मी लिहून दिलं. इंजिन उतरलं, उघडलं, एकेक बोल्ट नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गेला. कंपनीचा तपासनीस आला, वीस मिनिटं फोटो काढले, निघून गेला. नऊ दिवसांनी पत्र आलं: हा अचानक झालेला बिघाड नसून हळूहळू झालेली झीज आहे, सबब क्लेम नामंजूर. ‘बिघाड’ म्हणजे काय याची व्याख्या कराराच्या दुसऱ्या पानावर होती. मी ते पान सही केल्यानंतर अडीच वर्षांनी पहिल्यांदा वाचलं. मजुरीचे २,६०० आणि इंजिन बांधायचे १७,००० डॉलर, दोन्ही घरासाठी साठवलेल्या पैशांतून गेले. घर दोन वर्षं पुढे ढकललं. बायको तेव्हा काही बोलली नाही, पण ते माझ्या अजून मनात आहे.

आता तुमच्या गाडीबद्दल. इंटरनेटवर वाचून तुम्हाला ज्या दोन गोष्टींची धास्ती बसली आहे, त्या मुख्यतः आधीच्या पिढ्यांच्या आहेत. आयएमएस बेअरिंगचं दुखणं १९९७ पासूनच्या बॉक्सस्टरचं आणि ९९६ पिढीच्या ९११ चं. इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं ते बेअरिंग तुटलं की सगळं इंजिन जातं. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शने नवं इंजिन आणलं, त्यात तो शाफ्टच ठेवला नाही. माझ्या सिलिंडरचे चरे हाही जुन्या एम९७ इंजिनाचा प्रसिद्ध रोग. तुमच्या ९८१ पिढीचं इंजिन त्या मानाने खूपच भरवशाचं आहे. म्हणजे ज्या भीतीपोटी तुम्ही ५,४०० डॉलर भरायला निघालात, ती बरीचशी दुसऱ्याच गाडीची आहे.

तुमच्या गाडीत खिसा फाडू शकेल अशी एकच मोठी गोष्ट मला दिसते, ती पीडीके. गिअरबॉक्स म्हणून तो मजबूत आहे, पण त्याच्या आत सेन्सर आहेत, आणि एखादा गेला की पूर्वी अधिकृत डीलर सरळ अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगायचे. ते बिल १५,००० डॉलरच्या पुढे जातं. आता काही स्वतंत्र गॅरेजवाले गिअरबॉक्स उतरवून फक्त सेन्सर बदलतात आणि खर्च बराच कमी येतो, पण असा माणूस तुमच्या भागात हवा. बाकी वॉटर पंप गळणं, एअर-ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग, जाणं (सुरू करताना मागून पांढऱ्या धुराचा लोट आला तर तेच बघा), एसी, पासम (शॉक अब्सॉर्बर आपोआप कमी-जास्त कडक करणारी यंत्रणा) असेल तर त्याचे शॉक अब्सॉर्बर, ही कामं एकेका वेळी काहीशे ते दोन-तीन हजारांची. त्रास होतो, पण माणूस त्यात बुडत नाही.

म्हणून करार हातात घेतला की पहिला प्रश्न विचारायचा: पीडीकेच्या आतला सेन्सर आणि त्याचं कंट्रोल युनिट यात येतं का? ते कुठल्या ओळीत लिहिलंय, दाखवा. माहितीपत्रक नको, करार हवा, सगळी पानं. सहीआधी करार देत नसतील तर विषय तिथेच संपला.

करार दोन जातींचे असतात. एकात काय काय समाविष्ट आहे त्याची यादी असते, दुसऱ्यात काय वगळलंय त्याची. ‘बंपर टू बंपर’ म्हणतात तो दुसरा प्रकार, आणि तो चांगला, पण वगळलेल्यांची यादी सावकाश वाचावी लागते. ब्रेकच्या डिस्क, पॅड, टायर, क्लच हे झिजणारे भाग म्हणून बाहेर असतातच, त्याबद्दल तक्रार नाही. (चाकाच्या आत ब्रेकची डिस्क पकडणारे कॅलिपर पिवळे दिसले तर ते सिरॅमिक ब्रेक आहेत. त्यांच्या डिस्क भयंकर महाग असतात आणि कुठलीच वॉरंटी त्यांची झीज भरून देत नाही. तुमच्या फोटोत लाल दिसतायत, बरं झालं.) मला काळजी बारीक कलमांची वाटते. ऑइल नुसतं पाझरत असेल तर नाही, गळत असेल तर हो. मग कुठे पाझर संपून गळती सुरू होते हे कोण ठरवणार? मजुरीचा तासाचा दर किती धरणार? पोर्शच्या वर्कशॉपचा दर त्या आकड्याच्या बराच वर असतो आणि फरक तुमच्या खिशातून जातो. नवा भाग देणार की भंगारातल्या गाडीचा? इंजिन उघडायचा खर्च कोणाचा? आणि ‘बिघाड’ची व्याख्या काय, तिच्यात झीज धरली आहे की नाही? माझा अख्खा अनुभव त्या शेवटच्या प्रश्नात आहे.

रेसच्या ट्रॅकवर गाडी न्यायची इच्छा आहे असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक करारांत ते वगळलेलं असतं, शिकाऊ लोकांचा ट्रॅक डे असला तरी. सायलेन्सर बदलला किंवा इंजिनाचं सॉफ्टवेअर ट्यून केलं तर तेही नकाराला कारण होतं. आधीच्या मालकाने काही केलंय का, हे तपासणीत बघून घ्या. नाहीतर करणारा तो आणि भोगणारे तुम्ही.

पैसे नक्की कोण देणार हेही बघा. वॉरंटी विकणारा एक, क्लेम हाताळणारा दुसरा, आणि कायद्याने देणं लागणारा तिसराच असू शकतो. कायद्याच्या भाषेत ही वॉरंटीसुद्धा नव्हे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार वॉरंटी वस्तूच्या किमतीत येते, वेगळे पैसे घेऊन विकतात तो सेवा करार. टेक्सासमध्ये असे करार देणाऱ्यांची नोंदणी राज्याच्या परवाना खात्याकडे, टीडीएलआरकडे असते. संकेतस्थळावर नाव टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. या धंद्यात चांगली माणसं आहेत, तशी दुसरीही आहेत. यूएस फिडेलिस नावाची या धंद्यातली मोठी विक्रेती कंपनी २०१० साली दिवाळखोरीत गेली आणि ती चालवणाऱ्या दोघा भावांना पुढे तुरुंगवास झाला. २०२४ च्या जुलैत असेच करार विकणाऱ्या कारशील्डने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या आरोपावरून केंद्रीय व्यापार आयोगाशी एक कोटी डॉलरची तडजोड केली. ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे’ असे फोन आपल्या सगळ्यांना येऊन गेलेत. त्यातल्या एका टोळीला २०२३ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरचा दंड झाला. तुमचा डीलर तसा आहे असं मी म्हणत नाही. तोंडाचं ऐकायचं नाही, कागद बघायचा, एवढंच.

आणि ते ९५ डॉलर. ७२ महिने, ८ टक्के व्याज धरलं तर ५,४०० चे साधारण ६,८०० होतात. वॉरंटी तीन वर्षांनी संपणार, हप्ते सहा वर्षं चालणार. म्हणजे गाडी बिनवॉरंटीची झाल्यावरही तीन वर्षं तुम्ही वॉरंटीचे पैसे भरत राहणार. याउलट महिन्याला १५० डॉलर वेगळ्या बचत खात्यात टाकलेत तर ३६ महिन्यांत बरोबर ५,४०० जमतात, आणि काही बिघडलं नाही तर ते तुमचेच राहतात. घ्यायचीच ठरवली तर भाव करा. हा आकडा दगडावरची रेघ नाही. मी ‘नको’ म्हणून उठलो तेव्हा ४,८०० चे ३,९०० झाले होते. रोख घ्या, कर्जात घालू नका. रद्द करता येते का, किती दिवसांत केली तर पूर्ण पैसे परत, हेही वाचून ठेवा.

आता माझं मत. तुमच्याकडे बाजूला पंधरा हजार असते तर मी सांगितलं असतं, वॉरंटी सोडा, गाडी नीट तपासून घ्या, आणि मजेत चालवा. तुमच्याकडे आठ आहेत, आणि ते बाळाचे आहेत. अशा वेळी मोठ्या बिघाडाविरुद्ध संरक्षण हवंच, पण ते मी या डीलरकडून घेणार नाही. पोर्शच्या अधिकृत डीलरकडची सर्टिफाइड गाडी शोधा. १११ मुद्द्यांची तपासणी होते आणि मूळ वॉरंटी संपलेल्या गाडीला दोन वर्षं, मैलांची मर्यादा न घालता, खुद्द पोर्शची वॉरंटी मिळते. १३ मॉडेल वर्षं आणि १,२४,००० मैलांपर्यंतच्या गाड्या त्यात बसतात, म्हणजे २०१४ ची आता अगदी कडेला आहे. २०१५ किंवा २०१६ ची बघा. काही हजार जास्त पडतील, पण तिथे क्लेम मंजूर करणारा आणि गाडी बनवणारा एकच असतो. तेवढे पैसे आज नसतील तर वर्षभर थांबा. या गाड्या कुठे पळून जात नाहीत.

(जर्मनीतल्या एकांनी खाली विचारलंय, त्यांच्यासाठी: तुमचं सोपं आहे. युरोपात पोर्शची स्वतःची वॉरंटी गाडी बरीच जुनी होईपर्यंत तपासणी करून वाढवत नेता येते. ती मिळत असेल तर बाहेरची बघूसुद्धा नका.)

याच गाडीवर मन बसलं असेल तर शनिवारी सहीऐवजी तिला स्वतंत्र पोर्श गॅरेजमध्ये न्या. तीनशे ते पाचशे डॉलर घेतील. गॅरेज डीलरने सुचवलेलं नको. पोर्श क्लब ऑफ अमेरिकाच्या डॅलस भागातल्या शाखेचं नाव मॅव्हरिक रीजन, तिथल्या जुन्या सभासदांना विचारा, नाव लगेच सांगतील. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालायला सांगा, पीडीकेचे साठवलेले फॉल्ट कोड वाचायला सांगा, आणि दरवर्षीच्या ऑइल बदलाच्या पावत्या मागा. पावत्या नसतील तर पुढे वॉरंटीवाले त्याच कारणाने हात वर करतील. डीलर गाडी बाहेर न्यायला नाही म्हणाला तर तिथूनच परत या.

तुम्ही शेवटी ज्या दुसऱ्या, मॅन्युअल गिअरच्या केमनबद्दल विचारलंय, तिच्या तपासणीत एक गोष्ट जास्त मागा: इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला ओव्हर-रेव्हचा अहवाल. वेगात असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला की इंजिन लाल रेषेच्या कितीतरी पुढे फिरतं, आणि तो प्रकार किती वेळा, किती टोकापर्यंत आणि इंजिनाच्या कितव्या तासाला झाला, हे तिथे सहा टप्प्यांत नोंदलेलं असतं. पहिल्या दोन-तीन टप्प्यांतले आकडे असायचेच. चौथ्याच्या वर, त्यातही अलीकडच्या तासांत काही दिसलं, तर तो कागद मला पाठवा आणि तोपर्यंत एक डॉलरही देऊ नका.